मशीद, वाडा किंवा जुनी चाळ हेरिटेज यादीत असेल तर : बदलाची परवानगी कशी मिळते?

जुम्म्याला जागा पुरत नाही, म्हणून जमात बसते. वरती एक मजला चढवायचा, वजूखाना मोठा करायचा, दर्शनी भागाला ग्रॅनाइट लावायचं असं ठरतं. चंदा जमतो, ठेकेदार येतो, जुना लाकडी जिना निघतो. आणि पंधरा दिवसांनी दारावर नोटीस चिकटते की ही इमारत वारसा यादीत आहे, काम तात्काळ थांबवा. ट्रस्टी मंडळी एकमेकांकडे बघत राहतात. काहींना वाटतं, हे आपल्याशीच केलं. तसं दरवेळी असेलच असं नाही. हीच नोटीस शेजारच्या देवळाला, पारशी अग्यारीला आणि सेठजींच्या वाड्यालाही येते. पण यादी काय, समिती काय पाहते आणि कोणता बदल चालतो, हे आधी माहीत असतं तर चंद्याचा पैसा अर्धवट भिंतीत अडकला नसता.

हा लेख त्यासाठीच आहे. मुंबईचं उदाहरण मुख्य धरलं आहे, कारण राज्यात ही पद्धत सगळ्यात जुनी आणि बांधीव तिथेच आहे. बाकीच्या शहरांचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी हे तपासा : आपली वास्तू कोणाच्या हद्दीत?

‘हेरिटेज’ हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि इथेच पहिली चूक होते.

पहिला प्रकार केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांचा. ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, जंजिरा, पुण्याचा शनिवारवाडा ही त्यातली. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा लागू होतो. दुसरा प्रकार राज्य सरकारच्या संरक्षित स्मारकांचा. ती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात आणि त्यांच्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे. तिसरा प्रकार म्हणजे महापालिकेच्या किंवा नियोजन प्राधिकरणाच्या यादीतल्या वास्तू. यांचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याखालची विकास नियंत्रण नियमावली. स्थानिक वारसा समिती येते ती या तिसऱ्या प्रकारात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मशिदी, मुसाफिरखाने, जुनी घरं, चाळी तिसऱ्या प्रकारात येतात, किंवा कुठल्याच यादीत नसतात. पण आपण यादीत नसलो तरी शेजारी केंद्रीय स्मारक असेल तर आपल्यालाही परवानगी लागते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

यादी पाहायची कुठे? मुंबईत विकास नियोजन खात्याकडे, इतर शहरांत नगररचना विभागाकडे. मशीद ‘अमुक मोहल्ला मशीद’ म्हणून यादीत असेलच असं नाही. कधी जुन्या रस्त्याच्या नावाने, कधी देणगीदार शेठच्या नावाने नोंद असते. म्हणून सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा, नावावर भरवसा ठेवू नका. आणखी एक गोष्ट पाहा. इमारत स्वतः यादीत नसेल, पण ती एखाद्या वारसा परिसरात असेल, जसा मुंबईतला फोर्ट, तरीही रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलांची तपासणी होते.

समिती म्हणजे कोण?

मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली. अशी नियमावली करणारं ते देशातलं पहिलं शहर मानलं जातं. तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ६७ तो हाच. २०१८ मध्ये नवी नियमावली आली, तिच्यात हीच तरतूद नियम ५२ म्हणून आहे. मुंबई सोडून राज्याच्या मोठ्या भागाला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे, तिच्यातही वारसा जतनाचा भाग आहे. मात्र सगळ्या गावांत याद्या आणि समित्या तयार झालेल्या नाहीत. तुमच्या नगरपालिकेत विचारलंत आणि समोरच्या क्लार्कने ‘असं काही नाही’ म्हटलं, तर ते खरंही असू शकतं. फक्त ते लेखी घ्या.

मुंबई वारसा जतन समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे जाणकार, पर्यावरणाचे जाणकार, संग्रहालयाचे संचालक अशी माणसं असतात आणि महापालिकेचा अधिकारी सदस्य-सचिव असतो. त्यांची भूमिका सल्ल्याची आहे, हे नीट लक्षात घ्या. अंतिम परवानगी महापालिका आयुक्त देतात. आयुक्तांना समितीचं मत बाजूला ठेवता येतं, पण अपवाद म्हणून आणि कारणं लेखी नोंदवून. म्हणजे कोणी नगरसेवक ‘समितीचं मी बघतो’ म्हणाला तरी कागदावर कारण यावंच लागतं.

श्रेणीप्रमाणे काय चालतं, काय नाही

यादीतल्या प्रत्येक वास्तूला श्रेणी दिलेली असते. पुढचा सगळा हिशोब त्यावर ठरतो.

श्रेणी १ म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिच्या बाहेर किंवा आत हात लावायचा नाही, हाच मूळ नियम. इमारत मजबूत करण्यासाठी, तिचं आयुष्य वाढवण्यासाठी लागतील तेवढेच बदल होतात. श्रेणी २ चे दोन भाग आहेत. २-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, पण बाहेरच्या रूपाची बारीक तपासणी होते. २-ब मध्ये त्याशिवाय त्याच आवारात वाढीव बांधकाम किंवा दुसरी इमारत काही परिस्थितीत मिळू शकते. अट ही की नवं बांधकाम जुन्याशी जुळलं पाहिजे, विशेषतः उंची आणि दर्शनी भागात. श्रेणी ३ सगळ्यात मोकळी. आत-बाहेर बदल, वाढीव भाग साधारणपणे चालतात, आणि इमारत कमकुवत झाली असेल, आगीने किंवा पडझडीने गेली असेल तर नव्याने बांधायलाही वाव आहे.

म्हणून नोटीस हातात आली की पहिला प्रश्न एकच, श्रेणी कोणती? श्रेणी ३ च्या चाळीतले भाडेकरू ‘हेरिटेज आहे, आता काहीच होणार नाही’ म्हणून वीस वर्षं गळक्या छताखाली राहतात. आणि श्रेणी २-अ च्या मशिदीचे ट्रस्टी ‘आतलं-बाहेरचं सगळं आपलंच’ समजून हातोडा घालतात. दोघंही चुकीच्या माहितीवर बसलेले.

धार्मिक वास्तूंसाठीची तरतूद

ही गोष्ट आपल्या जमातींना जवळपास माहीतच नसते. मुंबईच्या नियमात धार्मिक वास्तूंसाठी वेगळी तरतूद आहे. धर्मग्रंथांत सांगितलेल्या कारणांसाठी किंवा धार्मिक आचाराचा भाग म्हणून लागणारे बदल, दुरुस्त्या आणि वाढ परवानगीयोग्य धरावी, असं ती सांगते. पण लगेच पुढे अट येते की ते बदल मूळ बांधणी, रचना, सौंदर्य आणि खास वैशिष्ट्यांशी सुसंगत असले पाहिजेत. आणि समितीचं म्हणणं विचारात घेतल्याशिवाय निर्णय होत नाही.

आता याचा व्यवहारात अर्थ लावू. वजूसाठी पाण्याची सोय, सफा सरळ किब्लारुख राहतील अशी आतली मांडणी, महिलांसाठी स्वतंत्र जागा आणि दार, मय्यतीच्या गुसलची खोली, ही गरज धार्मिक आचाराची आहे हे अर्जात स्पष्ट मांडता येतं. उलट तळमजल्यावर आठ दुकानं काढणं किंवा लग्नाचा हॉल बांधणं ही ट्रस्टच्या उत्पन्नाची गरज असेल, धार्मिक नाही. नवा उंच मिनार? मिनार आपली ओळख आहे, मान्य. पण तो नमाजची अट नाही. जुन्या मशिदीला मूळचे दोन बुटके मिनार असतील तर समिती विचारणारच की त्यांच्या दुप्पट उंचीचा तिसरा कशासाठी.

माझं स्पष्ट मत असं की ट्रस्ट लोक दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबतात आणि दोन्ही अडकवून घेतात. वजूखाना आणि दुकानं एकाच नकाशावर आली की वजूखान्याची खरी गरजही संशयात पडते. अर्ज वेगळे करा. आणि धार्मिक गरज लिहिताना भाषण नको. जुम्म्याला किती नमाजी येतात, आत किती मावतात, किती जण रस्त्यावर उभे राहतात, हे मोजून लिहा. चार जुम्म्यांचे फोटो लावा. याचा उपयोग लांबलचक निवेदनापेक्षा जास्त होतो.

समितीच्या टेबलावर नेमकं काय तपासलं जातं

दर्शनी भाग सगळ्यात आधी. खिडक्यांची रांग, कमानींचा आकार, कठडे, लाकडी नक्षी, छज्जे, कौलारू उतरतं छप्पर. रस्त्यावर उभं राहून जे दिसतं ते. मग उंची आणि आजूबाजूच्या इमारतींशी मेळ. मग साहित्य. शेवटी वापर बदलतोय का ते, कारण राहत्या घराचं गोदाम झालं की लाकडी तक्तपोशीवर भार वेगळा पडतो.

त्यांचा आणखी एक निकष आहे, तो समजला तर अर्ज सोपा होतो. आज केलेला बदल उद्या काढून टाकला तर मूळ वास्तू जशीच्या तशी परत मिळेल का? मागच्या बाजूला उभा केलेला लोखंडी जिना, गच्चीवर रस्त्यावरून न दिसणारे सौर पॅनेल, भिंतीला न टेकता उभं केलेलं लाकडी पार्टिशन, हे परत काढता येतं. दगडी भिंत फोडून टाकलेला आरसीसी बीम काढता येत नाही. पहिल्या प्रकारच्या मागण्यांना होकार मिळणं सोपं असतं.

साहित्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे समितीचा आग्रह आपल्याला उगाच वाटतो आणि तो उगाच नसतो. जुन्या भिंती दगड किंवा विटा आणि चुन्याच्या आहेत. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला किंवा टाइल्स चिकटवल्या की ओलावा आतच अडकतो, क्षार वर येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत हेच झालं. जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंट केलं, वर कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स. सगळे खूश, मी पण टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. तिसऱ्या पावसाळ्यात टाइलच्या वरच्या भिंतीवर ओल चढली, रंग फुगला, आणि एके दिवशी फजरच्या वेळी गिलाव्याचा मोठा तुकडा खाली आला. अल्लाहचा करम, त्या कोपऱ्यात कोणी बसलं नव्हतं. ती मशीद कुठल्याच यादीत नव्हती, म्हणून विचारणारंही कोणी नव्हतं. विचारणारं कोणी असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

चुन्याचं काम करणारे कारीगर आजही मिळतात, पण शोधावे लागतात, आणि चुना मुरवायला दिवस द्यावे लागतात. गूळ, बेलफळ, उडीद घालून केलेला चुना हा आपल्याकडचा जुना रिवाज. कारीगर असं बोलला तर तो भोंदू नाही, जाणकार असण्याची शक्यता जास्त.

फाइल कशी जाते

अर्ज समितीकडे थेट जात नाही. नोंदणीकृत वास्तुविशारदामार्फत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव किंवा बांधकाम परवानगी विभागात जातो आणि तिथून समितीपुढे येतो. वास्तुविशारद निवडताना जतनाचं काम केलेला घ्या. फी थोडी जास्त पडेल, पण तीन वेळा फाइल परत येण्यापेक्षा स्वस्तच.

फाइलमध्ये साधारण हे लागतं. मालकीचे कागद, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, ट्रस्ट असेल तर नोंदणी आणि विश्वस्तांचा ठराव. इमारत आज जशी आहे तशी मोजून काढलेले नकाशे. प्रस्तावित बदलांचे वेगळे नकाशे, ज्यात काय तुटणार आणि काय नवं येणार हे वेगळ्या रंगात दिसतं. चारही बाजूंचे, आतले आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून घेतलेले फोटो. संरचना अभियंत्याचा अहवाल. कोणतं साहित्य वापरणार त्याचं टिपण. आणि वास्तूचा छोटा इतिहास.

हा इतिहास लिहायला घरातली, मशिदीतली जुनी कागदं काढा. उर्दूतला वक्फनामा, दारावरच्या कतब्यावरचं हिजरी साल, जुन्या जलशाचा फोटो, सगळं चालतं. कतबा असेल तर त्याचा फोटो आणि मराठी तर्जुमा दोन्ही लावा. कार्यालयात उर्दू वाचणारा बसलेला नसतो, आणि न वाचलेला पुरावा पुरावा ठरत नाही. हिजरी सालाचं इसवी साल करताना वजाबाकी करून भागत नाही, हिजरी वर्ष अकरा-बारा दिवसांनी लहान असतं. तक्ता पाहून लिहा.

समितीची बैठक होते, गरज वाटली तर सदस्य जागेवर येऊन पाहतात, कधी वास्तुविशारदाला मांडणी करायला बोलावतात. त्यानंतर होकार येतो, किंवा अटींसह होकार, किंवा ‘नकाशे सुधारून आणा’, किंवा नकार. ‘सुधारून आणा’ म्हणजे नकार नव्हे. बरेच ट्रस्टी इथे हिरमुसतात आणि रात्रीतून काम उरकायचा विचार करतात. तसं करू नका. महिनोन्महिने उत्तर न येणं म्हणजेही परवानगी नव्हे. समितीने काय शेरा मारला हे कळत नसेल तर माहिती अधिकारात बैठकीचं इतिवृत्त मागता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

इमारत धोकादायक असेल तर

मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं संरचनात्मक परीक्षण करावं लागतं. त्यात इमारतीला सी-१ पासून सी-३ पर्यंत वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२-अ आणि सी-२-ब म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यादीतली इमारत सी-१ ठरली तर मालक पाडायला उतावीळ असतो आणि भाडेकरू घाबरलेला. पागडीच्या घरात तीन पिढ्या गेलेल्या आपल्या कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी एकाच अहवालावर अवलंबून राहू नका. भाडेकरूंनाही स्वतःच्या अभियंत्याकडून अहवाल घेता येतो, आणि दोन अहवाल वेगळे आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती त्यावर पाहते. पण अहवाल येईपर्यंत टेकू लावलेल्या खोलीत मुलं झोपवू नका. घराचा हक्क कागदावर टिकवता येतो. रिकामं करण्याआधी खोलीचं क्षेत्रफळ आणि भाडेकरू म्हणून नाव लेखी नोंदवून घ्या.

शेजारी केंद्रीय स्मारक असेल तर

इथे स्थानिक समितीचा नाही, केंद्राचा कायदा चालतो आणि तो जास्त कडक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर नियमन क्षेत्र. मोजणी घुमटापासून नाही, संरक्षित हद्दीच्या कडेपासून होते. बेगमपुऱ्यात, खुलताबादेत, शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना हे पाठ झालंय.

२०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. पण दुरुस्ती मिळते. घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेलं असेल, तर दुरुस्ती-नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. पाडून पुन्हा बांधणं दुरुस्तीत धरत नाहीत, तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. नियमन क्षेत्रात मात्र नवं बांधकाम आणि पुनर्बांधणी, दोन्हीसाठी परवानगी मागता येते.

अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे जातो. तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि ती मिळाल्यावर महिन्याभरात सक्षम अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा, असं कायदा सांगतो. अर्जाच्या पोचपावतीवरची तारीख म्हणून जपून ठेवा. १९९२ पूर्वीचा पुरावा म्हणून जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, सिटी सर्व्हेचा उतारा लावा. विनापरवानगी बांधल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

वक्फची मालमत्ता असेल तर

मालकीचा वाद आणि बदलाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसा समिती इमारत कोणाची हे ठरवत नाही, आणि यादीत नाव आल्याने मशीद सरकारजमा होत नाही. वक्फ ती वक्फच राहते. पण उलटंही तितकंच खरं. वक्फ मंडळाची मंजुरी मिळाली म्हणून वारसा परवानगी सुटत नाही. भाडेपट्टा, विकसकाशी करार असं काही असेल तर वक्फ मंडळाकडे आधी जावं लागतं, आणि नुसती दुरुस्ती असली तरी अर्जावर सही करणाऱ्या मुतवल्लीचं नाव मंडळाच्या नोंदीत असायला हवं. वडील मुतवल्ली होते, ते वारले, मुलगा काम पाहतो पण नोंद बदललेली नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. फाइल तिथेच अडते. काही जुने ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत. त्यांनी तिथला विश्वस्तांचा बदल आधी पूर्ण करून घ्यावा.

नकार आला तर

महापालिकेने परवानगी नाकारली, किंवा झेपणार नाहीत अशा अटी घातल्या, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली राज्य सरकारकडे अपील करता येतं. आदेश कळवल्यापासून ४० दिवसांच्या आत. हे दिवस आदेश हातात पडला की सुरू होतात, जमातीची पुढची बैठक होईल तेव्हापासून नाही. यादीत नाव नव्याने येत असेल तर त्याआधी हरकती आणि सूचना मागवणारी जाहीर नोटीस निघते. तेव्हाच लेखी हरकत द्या आणि सुनावणीला जा.

वारसा यादीत असल्यामुळे मालकाचे वाढीव बांधकामाचे हक्क बुडत असतील, तर मुंबईत त्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याची तरतूद आहे. ते विकून आलेला पैसा इमारतीच्या दुरुस्तीला लावता येतो. अर्ज करताना वास्तुविशारदाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, कारण तो स्वतःहून बहुतेक वेळा सांगत नाही.